नोकराची गोष्ट आणि खेळाडूचे डाव : मीर सुलतान खान पुन्हा वाचताना

मागच्या वेळी आपण बुद्धिबळातल्या ‘अमर’ म्हणवल्या जाणाऱ्या डावांबद्दल बोललो. वजीर दिला, दोन्ही हत्ती दिले आणि उरलेल्या चिमूटभर मोहऱ्यांनी मात केली, असे ते डाव. ते बघताना कुणालाही आनंद होतो. आजचा डाव तसला नाही. तो ६५ चालींचा आहे, बराचसा संथ आहे, आणि पहिल्यांदा बघताना मधेच जांभई येण्याची शक्यता आहे. तरीही आज तोच घ्यायचा. कारण हा डाव खेळणाऱ्या माणसाबद्दल जी गोष्ट जगभर सांगितली जाते, ती आणि हा डाव यांचा एकमेकांशी मेळच बसत नाही. गोष्ट एक सांगते आणि पट दुसरेच सांगतो. अशा वेळी विश्वास कशावर ठेवायचा, हा आजचा आपला प्रश्न.

आधी गोष्ट सांगू. बहुतेकांना ती थोडीफार माहीत असेल. पंजाबातल्या मिठा टिवाणा गावचे मीर सुलतान खान. लहानपणी वडिलांकडून देशी पद्धतीचे बुद्धिबळ शिकले. सर उमर हयात खान या बड्या जमीनदाराच्या पदरी राहिले. १९२८ मध्ये अखिल भारतीय स्पर्धा जिंकली. १९२९ मध्ये सर उमर यांच्याबरोबर लंडनला गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. पुढे १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा. १९३० च्या हॅम्बुर्ग, १९३१ च्या प्राग आणि १९३३ च्या फोकस्टन ऑलिंपियाडमध्ये ते इंग्लंडच्या संघातून पहिल्या पटावर बसले. १९३३ च्या अखेरीस धन्याबरोबर मायदेशी परतले. १९६६ मध्ये सरगोध्याला वारले. युरोपातली सगळी कारकीर्द जेमतेम पाच वर्षांची.

इथवर सगळे ठीक. पण गोष्ट सांगणारे इथे थांबत नाहीत. ते तीन गोष्टी जोडतात. एक, सुलतान खान निरक्षर होते. दोन, त्यांना बुद्धिबळाचे शास्त्र ठाऊक नव्हते, सगळा खेळ उपजत. तीन, परत गेले आणि संपले, जगाने त्यांचे नाव पुन्हा ऐकले नाही. आणि या सगळ्यावर तुळशीपत्र ठेवावे तशी एक आठवण. अमेरिकन ग्रँडमास्टर रूबेन फाइन यांनी ती लिहिली आहे. १९३३ च्या ऑलिंपियाडनंतर अमेरिकन संघाला सर उमर यांच्या लंडनच्या घरी जेवायला बोलावले होते. पाहुणे टेबलाशी बसले, आणि वाढायला आले ते सुलतान खान. ज्याच्याशी काल पटावर बरोबरीने लढलो, तो आज आपल्या ताटात वाढतो आहे, हे पाहून पाहुण्यांना अवघडल्यासारखे झाले.

प्रसंग विलक्षण आहे, यात वाद नाही. त्यामुळेच सुलतान खान म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर हे ताट येते, पट येत नाही. आमची तक्रार नेमकी ही आहे. फाइन यांनी अपमान पाहिला आणि प्रामाणिकपणे लिहिला. पण पुढच्या नव्वद वर्षांत आपण सगळ्यांनी तो अपमान इतक्या वेळा सांगितला, की माणूस तेवढाच उरला.

आता पट मांडू या.

स्थळ हेस्टिंग्ज, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे गाव. दरवर्षी नाताळच्या सुट्टीत तिथे स्पर्धा होते. १९३०-३१ ची स्पर्धा. पांढरी मोहरी सुलतान खान यांची, काळी होजे राउल कापाब्लांका यांची. कापाब्लांका म्हणजे कोण, हे तरुण मंडळींसाठी सांगायला हवे. १९२१ ते १९२७ जगज्जेते. १९१६ ते १९२४ या आठ वर्षांत स्पर्धेत एकही डाव हरले नाहीत. लोक त्यांना ‘बुद्धिबळाचे यंत्र’ म्हणत.

सुरुवातीच्या चाली साध्या आहेत. दोन्हीकडचे घोडे बाहेर येतात, काळा आपला एक उंट कोपऱ्यातून लांब कर्णावर आणतो. आणि पाचव्या चालीला सुलतान खान काय करतात? वजिराच्या बाजूच्या हत्तीपुढचे प्यादे एक घर पुढे सरकवतात. बस. एक घर. कुणावर हल्ला नाही, कुणाला शह नाही. वरवर बघणाऱ्याला वाटेल, याला काही सुचले नाही म्हणून हात हलवला. ‘बघा, शास्त्र ठाऊक नाही,’ असे म्हणायला ही चाल अगदी सोयीची.

पण थांबा. त्या प्याद्याचे काम काय? काळ्याच्या दुसऱ्या उंटाला पांढऱ्याच्या घोड्यावर येऊन बसायचे असते. ते घर या प्याद्याने बंद केले. तो घोडा मोकळा राहिला, म्हणजे पटाच्या मध्यावरचा त्याचा दाब कायम राहिला. चाल छोटी, पण मुद्द्याची. आणि गंमत पुढे आहे. ‘क्वीन्स इंडियन’ नावाच्या बचावाविरुद्ध नेमकी हीच मांडणी पुढे तिग्रान पेट्रोसियन यांनी पद्धतशीर विकसित केली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गॅरी कास्पारोव्ह यांनी तिच्यावर एकामागून एक डाव जिंकले. आज कुठल्याही पुस्तकात ती ‘पेट्रोसियन पद्धत’ म्हणून दिलेली असते. चालींचा क्रम थोडा इकडेतिकडे, पण पाचव्या चालीनंतर पटावर उभी असलेली स्थिती तीच.

आम्ही असे म्हणत नाही की पेट्रोसियन यांनी कुणाचे काही उचलले. पद्धत उभारणे आणि एका डावात चाल खेळणे यांत फरक आहे, आणि नाव पद्धत उभारणाऱ्याला मिळते. ते रास्तही आहे. आमचे म्हणणे एवढेच, की तीच चाल जगज्जेत्याने खेळली की आपण तिला खोल समज म्हणतो, आणि सुलतान खान यांनी खेळली की अज्ञान म्हणतो. चाल बदललेली नाही. खेळणाऱ्याबद्दल आपण आधी ऐकलेली गोष्ट बदलली आहे.

पुढे बघू. विसाव्या चालीच्या आसपास कापाब्लांका यांनी दोन्ही हत्ती मोकळ्या पट्टीवर, एकामागे एक आणले आहेत. सगळे मोठे खेळाडू करतात तेच. पांढऱ्याने आपल्या राजाच्या बाजूची प्यादी पुढे दामटली आहेत, राजा अजून मध्येच उभा आहे, किल्लेकोट केलेला नाही. आता पांढरा एक उंट असा ठेवतो की मागचा हत्ती माऱ्यात येतो. कापाब्लांका उत्तर देतात ते शह देऊनच. हत्ती थेट शेवटच्या ओळीत. राजा बाजूला. पुन्हा दुसऱ्या हत्तीने शह. आणि पांढऱ्याचा वजीर जातो. बदल्यात काळ्याचे दोन्ही हत्ती जातात.

बघणाऱ्याला वाटते, संपले. वजीर गेला! आपल्याकडे वजीर गेला म्हणजे निम्मा डाव गेला, असे लहानपणापासून मनावर ठसलेले असते. पण हिशेब करा. दोन हत्ती एका वजिराच्या तोडीचे असतात, कधी कणभर जास्तच. प्रश्न हिशेबाचा नसतो, जागेचा असतो. वजिराला धावायला रान लागते. पटाचा मध्य त्या क्षणी कसा आहे? प्याद्यांनी प्यादी अडवून गच्च बंद. काळ्याचा उंट आपल्याच प्याद्यांच्या मागे कोंडलेला. काळा वजीर एकटाच पांढऱ्याच्या प्रदेशात येतो, दोन-चार घरे फिरतो आणि शिकार न मिळता परततो. तोवर पांढऱ्याचे दोन्ही हत्ती त्या एकमेव मोकळ्या पट्टीवर येऊन बसतात. आता पट्टी त्यांची.

आणि मग सुरू होतो तो भाग, जो ‘अमर’ डावांच्या यादीत कधीच बसणार नाही. सुमारे चाळीस चाली पांढरा नुसता आवळत जातो. एक प्यादे इथे, एक उंट तिथे. घाई नाही. जगातला सर्वात चांगला बचाव करणारा माणूस समोर बसलेला, आणि त्याला करण्याजोगे काही उरत नाही. ६५ व्या चालीपाशी कापाब्लांका डाव सोडतात.

आता आपण मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘उपजत प्रतिभा’ असे आपण म्हणतो तेव्हा काय दिसते? वीज चमकल्यासारखे काहीतरी. एक झेप, एक आश्चर्य. या डावात तसे कुठेच काही नाही. दिसतो तो हिशेब, संयम, आणि बंद स्थितीत कुठल्या मोहऱ्याची किंमत वाढते नि कुठल्याची घटते याची पक्की जाण. ही जाण आभाळातून पडत नाही. ती हजारो डावांतून येते.

मग ती आली कुठून? इथे देशी बुद्धिबळाचा विचार करावा लागतो. आपल्या जुन्या पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर चालते. राजाला एकदाच घोड्याची अडीच घरांची उडी घेण्याची मुभा असते, आजचा किल्लेकोट नाही. प्यादे शेवटच्या ओळीत पोहोचले की सरसकट वजीर होत नाही. ज्या मोहऱ्याच्या घरात पोहोचेल ते मोहरे होते. प्रांतोप्रांती बारकावे वेगळे, पण एक परिणाम सगळीकडे सारखा. डाव सावकाश उघडतो. दोन्ही फौजा आपापल्या बाजूला रचना करतात आणि नंतर भिडतात. ज्याने लहानपणापासून हे खेळले, त्याला कोंडलेल्या स्थितीची भीती कशी वाटेल? ती तर त्याची रोजची वहिवाट. म्हणजे सुलतान खान ‘अशिक्षित’ नव्हते. त्यांचे शिक्षण दुसऱ्या शाळेत झाले होते, आणि त्या शाळेचे नाव परीक्षकांच्या यादीत नव्हते.

आणि युरोपीय शाळेतही ते बसलेच होते. १९२९ च्या स्पर्धेआधी विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स या दोन नावाजलेल्या ब्रिटिश खेळाडूंनी त्यांच्याकडून तयारी करून घेतली. हे गोष्टीत फारसे येत नाही, कारण चमत्काराला शिकवणी परवडत नाही. निरक्षर असण्याबद्दल म्हणाल, तर त्यांच्या कुटुंबीयांनी अलीकडे या दाव्याला जाहीर हरकत घेतली आहे. इंग्रजी वाचता न येणे आणि वाचताच न येणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. लंडनमधल्या कुणाला तो फरक करण्याची गरज वाटली नाही, असे फार तर म्हणता येईल.

दुसरी बाजूही बघायला हवी, नाहीतर आपणही उलट्या दिशेची दंतकथा रचू. सुलतान खान यांची डावाची सुरुवात अनेकदा खरोखरच कच्ची असे. पहिल्या पंधरा चालींत वाईट स्थिती ओढवून घ्यायची आणि पुढचे तीन तास ती निस्तरत बसायचे, असे डाव त्यांच्या नावावर आहेत. १९३२ मध्ये सालो फ्लोर यांच्याशी झालेला सामना ते हरले. त्यांना सगळे येत होते, असा आमचा दावा नाही. पण १९३१ मध्ये साव्हिएली तार्ताकोव्हर यांना त्यांनी सामन्यात ६½–५½ असे हरवले. त्याच वर्षी प्रागला फ्लोर आणि अकिबा रुबिनस्टाइन यांना हरवले, जगज्जेत्या अलेखाइनशी बरोबरी केली. १७ डावांत आठ विजय, सात बरोबऱ्या, दोन पराभव. हेस्टिंग्जला त्या वर्षी मॅक्स ओयवे पहिले, कापाब्लांका दुसरे, सुलतान खान तिसरे. नुसत्या नशिबावर एवढे वर्षानुवर्षे जमत नाही.

ही तीन नावे लक्षात ठेवा : तार्ताकोव्हर, फ्लोर, रुबिनस्टाइन. १९५० मध्ये जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, पहिल्यांदा अधिकृत ग्रँडमास्टर जाहीर केले. एकूण २७. ही तिन्ही नावे त्या यादीत आहेत. सुलतान खान यांचे नाव नाही. कुणी म्हणेल, ते तेव्हा खेळत नव्हते ना. बरोबर. पण रुबिनस्टाइनही तेव्हा खेळत नव्हते. त्यांनी खेळ सोडून बरीच वर्षे झाली होती. त्याच यादीतले ओल्डरिख दुरास तर १९१४ नंतर मोठ्या स्पर्धांतून बाजूला झाले होते. जुन्या कर्तबगारीचा मान म्हणून त्यांना किताब दिला, आणि योग्यच केले. म्हणजे नियम आड येत नव्हता. सुलतान खान जिवंत होते, सरगोध्याकडे शेती बघत होते, आणखी १६ वर्षे जगले. कुणाला आठवण झाली नाही. अखेर फेब्रुवारी २०२४ मध्ये फिडेने त्यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर केले आणि तो सन्मान पाकिस्तानच्या पंतप्रधानांच्या हाती दिला. मृत्यूनंतर ५८ वर्षांनी.

तुलनेसाठी आपल्या घरचे उदाहरण घ्या. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख हिने बातुमीला महिला विश्वचषक जिंकला आणि त्या एका विजयावर ती थेट ग्रँडमास्टर झाली. एरवी लागणारे टप्पे तिला पार करावे लागले नाहीत. नियमातच तशी सोय आहे. आपल्याला केवढा आनंद झाला! तो आनंद रास्तच होता. पण त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. मान्यता पटावर मिळत नाही, पटावर फक्त विजय मिळतो. मान्यता देण्यासाठी पटाबाहेर कुणीतरी नोंद ठेवावी लागते आणि वेळेवर ती वही उघडावी लागते.

नोंदीचा हा खेळ जुना आहे. १८४८ च्या सुमारास कलकत्त्याला जॉन कॉक्रन नावाचे स्कॉटिश बॅरिस्टर होते, नाणावलेले खेळाडू. त्यांचे प्रतिस्पर्धी महेशचंद्र बॅनर्जी, देशी पद्धतीत मुरलेले. दोघांचे शेकडो डाव नोंदले गेले. त्यातल्या एका डावात कॉक्रन यांनी सुरुवातीलाच घोडा दिला. तो डावपेच आजही ‘कॉक्रन गँबिट’ म्हणून ओळखला जातो. महेशचंद्र काळ्याकडून उंट कडेच्या लांब कर्णावर ठेवून जी संथ मांडणी करत, तिला काय नाव मिळाले? ‘इंडियन’. किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन ही सगळी कुळी त्या नावाची. एकाचे आडनाव राहिले, दुसऱ्याचा फक्त देश राहिला. मुद्दाम केले असे नाही. पण नावे अशीच पडतात, आणि पडलेली नावे मग खरी वाटू लागतात.

सुलतान खान यांच्याच घरातली आणखी एक गोष्ट बघा. १९३३ मध्ये ब्रिटिश महिला अजिंक्यपद जिंकले ते मिस फातिमा यांनी. त्याही सर उमर यांच्याच परिवारातल्या. त्याच वर्षी सगळ्यांबरोबर परत आल्या आणि स्पर्धात्मक खेळातून दिसेनाशा झाल्या. आपल्या देशात महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा व्हायला १९७४ साल उजाडले. ती बंगळुरूला झाली आणि वासंती खाडिलकर यांनी जिंकली. मधली ४१ वर्षे. फातिमा यांची गोष्ट कुणी ‘चमत्कार’ म्हणूनसुद्धा सांगितली नाही, इतकी ती विसरली गेली.

आता तिसरा दावा राहिला. परत गेले आणि संपले. इथे पुन्हा एक खाडिलकर येतात. १९३५ मध्ये, म्हणजे परतल्यावर दोन वर्षांच्या आत, सुलतान खान यांचा सामना व्ही. के. खाडिलकर यांच्याशी झाला. दहा डाव. सुलतान खान यांनी नऊ जिंकले, एक बरोबरीत सुटला. ९½–½.

इंग्रजीत लिहिणारे या सामन्याचा उल्लेख शेवटच्या वाक्यात करतात. त्यानंतर बुद्धिबळाच्या जगाला त्यांचे नाव कळले नाही, असे म्हणून पडदा टाकतात. आम्हाला विचारावेसे वाटते, कुणाच्या जगाला? हिंदुस्थानातल्या ज्या माणसांनी ते दहा डाव समोर बसून पाहिले, ती जगाबाहेर होती का? आणि आम्ही मराठी माणसे तरी काय करतो? हार एवढी एकतर्फी आहे, म्हणून तो आकडा आपणही गालिच्याखाली सारतो. खरे तर तो आकडा पुरावा आहे. हवामान बदलले, धनी तोच, युरोप मागे राहिला, आणि तरी हा माणूस दहापैकी नऊ डाव जिंकत होता. खेळ संपला नव्हता. खेळायला बोलावणारे संपले होते. आणि त्या एका बरोबरीलाही मान द्यायला हवा. त्या फॉर्मातल्या सुलतान खानकडून अर्धा गुण काढणे सोपे नव्हते.

मग यात आपले काय अडते? कुणी म्हणेल, माणूस मोठा होता हे सगळेच मान्य करतात. गोष्ट थोडी रंगवून सांगितली तर बिघडले कुठे?

बिघडते ते असे. आज गावोगावी मुले बुद्धिबळ खेळताहेत. त्यांना आपण सांगतो, एक गरीब नोकर होता, त्याला काही येत नव्हते, पण देवाने बुद्धी दिली होती. हे ऐकून मूल काय करणार? हात जोडणार. चमत्काराला नमस्कार करता येतो, त्याच्याकडून शिकता येत नाही. त्याऐवजी तोच मुलगा किंवा मुलगी हेस्टिंग्जचा डाव मांडेल, पाचव्या चालीला थांबेल आणि विचारेल, हे प्यादे इथे का? मग वजीर गेल्यावरही न घाबरता हत्ती कुठे न्यायचे, हे बघेल. त्या क्षणी सुलतान खान शिक्षक होतात. दंतकथेने त्यांच्याकडून नेमके हेच काढून घेतले आहे. अपमान एकदा टेबलाशी झाला. त्यांचे कष्ट आणि त्यांची विद्या पुसून आपण तो रोज नव्याने करतो.

तेव्हा एक विनंती. आज घरी गेल्यावर, किंवा हे नंतर ऐकत-वाचत असाल तर आत्ताच, पट काढा. सुलतान खान विरुद्ध कापाब्लांका, हेस्टिंग्ज १९३०-३१. डाव सहज सापडतो. संगणकाला लगेच विचारू नका. आधी स्वतः बघा. विसाव्या चालीपाशी थांबा आणि स्वतःला विचारा, इथे वजीर द्यायची हिंमत आपल्यात आहे का? मग उरलेल्या चाली सावकाश खेळा. कंटाळा आला तर येऊ द्या. त्या कंटाळ्याच्या पलीकडे एक माणूस बसलेला आहे, हातात ताट नसलेला, पटावर नजर असलेला. त्याला आपण अजून नीट भेटलेलोच नाही.

प्रश्न असतील तर आता घेऊ.